वाचकांचे प्रश्न: ठेंगू फणस लावताय?

या वेळी फणसावर इतके प्रश्न आलेत की बाकी सगळं बाजूला ठेवून अख्खं सदर त्यालाच देतेय. बहुतेकांना एकच हवंय, हाताला येईल एवढं झाड आणि दोन-तीन वर्षांत फळ. मिळतं, नाही असं नाही. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते म्हणजे पुढची उत्तरं नीट कळतील: फणस बुटका राहण्यात जातीचा वाटा निम्मा आणि तुमच्या हातातल्या सिकेटरचा, म्हणजे छाटणीच्या कात्रीचा निम्मा. ठेंगू म्हणून आणलेलं कलम लावून विसरलात तर तेही काही वर्षांत छपराच्या वर जाणारच. सारख्या विषयाचे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न: ठेंगू फणस ही वेगळी जात असते की साध्या फणसाचंच कलम? आणि त्याच्या आठळ्या लावल्या तर तसंच बुटकं झाड येईल का?

आठळीपासून नाही येणार, हे आधी पक्कं करा. फणसात परपरागीभवन होतं, त्यामुळे एकाच फळातल्या दहा आठळ्या लावल्या तर दहा वेगळी झाडं मिळतात, एखादं कापा (घट्ट गऱ्यांचं) एखादं बरका (मऊ, बुळबुळीत गऱ्यांचं), एकाला पाच वर्षांत फळ तर दुसऱ्याला दहा वर्षांतही नाही. आठळीचं झाड मोकळं वाढलं तर १० ते २० मीटर सहज जातं. शिवाय आठळी वाळवून जपून ठेवायची चीज नाही, सुकली की उगवण झपाट्याने जाते, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप) तयार करायला लावायची असेल तरी फळ खाल्ल्यावर धुवून लगेच लावा.

बाजारात ठेंगू म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा लवकर फळणाऱ्या आणि आटोपशीर वाढणाऱ्या निवडक झाडाचं कलम असतं. कलमकाडी, म्हणजे खुंटावर जोडलेली फांदी, वयात आलेल्या झाडाची असते म्हणून ते लवकर फळतं, आणि लवकर फळायला लागलं की झाडाची ताकद फळात जाते आणि वाढ आपोआप थोडी मंदावते. सफरचंदात एम ९ सारखा खुंट वापरला की वरचं झाड बुटकंच राहतं, फणसात तसा सगळीकडे रूढ झालेला खुंट नाही, खाली साधं फणसाचंच रोप असतं. म्हणून तर छाटणीचं एवढं महत्त्व, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

प्रश्न: कोणती जात घ्यावी? नावं ऐकून गोंधळ उडतो, प्रत्येक नर्सरीवाला वेगळंच नाव सांगतो.

गोंधळ खरा आहे, कारण एकच झाड वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. मला जी नावं भरवशाची वाटतात तेवढीच सांगते. लवकर फळण्यात सध्या सगळ्यात बोलबाला आहे वियतनाम सुपर अर्ली म्हणून मिळणाऱ्या फणसाचा, चांगलं कलम असेल आणि ऊन-पाणी नीट मिळालं तर दीड-दोन वर्षांत फुलोरा दिसतो. जुन्यातली म्हणाल तर सिलोन किंवा सिंगापूर जॅक, ही श्रीलंकेतून भारतात आली आणि १९४९ मध्ये मोठ्या प्रमाणावर लावली गेली, ती पण दीड ते अडीच वर्षांत फळते आणि वर्षात दुसरा छोटा बहरही देते, गरे गोड पण लहान आणि थोडे रेषाळ. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ब्लॅक गोल्ड, गोल्डन नगेट आणि चीना, मलेशियाची एन एस १, थायलंडची डांग रसिमी या पण नावाजलेल्या आहेत. यातली चीना म्हणजे फणस आणि त्याचा भाऊबंद चंपेडाक यांचा संकर, पसरट वाढते म्हणून खाली ठेवायला सोपी जाते. फ्लोरिडात या जाती दरवर्षी छाटून अडीच-तीन मीटर उंचीतच सांभाळतात आणि त्यावर व्यवस्थित पीक घेतात.

इथे एक गफलत फार होते, लहान फळ म्हणजे लहान झाड असं लोक धरून चालतात. कर्नाटकातल्या तुमकुरू जिल्ह्यातला सिद्दू फणस घ्या, तांबूस लाल गरे आणि फळ साधारण अडीच किलोचं, छोट्या कुटुंबाला अगदी बेताचं. पण फळ छोटं म्हणून झाड छोटं राहील असं काही नाही, छाटणी त्यालाही लागतेच. उलट मोठ्या फळाच्या जातीचं झाडही बुटकं ठेवता येतं. तेव्हा दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, झाड किती वाढतं आणि फळ किती किलोचं. आणि शक्य असेल तर मातृवृक्षाचं फळ चाखल्याशिवाय एकापेक्षा जास्त कलमं घेऊ नका.

बिनचिकाचा फणस मिळतो का असंही दोघांनी विचारलंय. चीक प्रत्येक फणसात असतो, पिकलेल्या फळात काहींना खूपच कमी असतो एवढंच.

प्रश्न: आणलेलं रोप खरंच कलम आहे की साधं आठळीचं, हे कसं ओळखायचं? मागे एकदा फसवणूक झालीये.

जोड बघा. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर खोडावर पाचरीची खूण किंवा जाडीतला फरक दिसला पाहिजे, पट्टी गुंडाळलेली असेल तर सोडून दाखवा म्हणायचं, संकोच करायचा नाही. जोडाच्या वरचा भाग घट्ट बसलेला हवा, हळूच हलवल्यावर हलता कामा नये, आणि वर निदान दोन वेळा नवी पालवी येऊन जून झालेली असावी, आताच जोडलेलं कोवळं कलम घरी आणून दगावण्याची भीती जास्त.

पानांवरूनही अंदाज येतो. आठळीच्या कोवळ्या रोपाची पानं बऱ्याचदा कातरलेली, दोन-तीन खोलगट भागांची असतात, वयात आलेल्या झाडाची पानं अखंड, लांबट गोल आणि चकचकीत. कलमाच्या शेंड्याला सगळी कातरलेलीच पानं दिसत असतील तर कलमकाडी मेलेली आहे आणि खालच्या खुंटाचा फुटवा वाढवलाय असा संशय घ्यायला जागा आहे. जोमदार पाणफुटीवर (भराभर सरळ वर जाणाऱ्या, फळ न देणाऱ्या फुटव्यावर) कधीकधी अशी पानं येतात हे खरं, म्हणून जोड आणि पानं दोन्ही बघूनच ठरवा.

पिशवीचा तळ पण बघा. फणसाचं सोटमूळ फार नाजूक, पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असतात आणि असं झाड पुढे कधीच नीट धरत नाही, वरून कितीही हिरवंगार दिसो. उंच जुनं रोप घेण्यापेक्षा लहान आणि ताजं घ्या.

प्रश्न: छाटणी केली तर फळ कमी येईल ना? आंब्याचा शेंडा छाटला की पुढच्या वर्षी मोहोरच येत नाही, मग फणसाचं कसं?

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. आंब्याला मोहोर फांदीच्या टोकाला येतो म्हणून टोकं गेली की मोहोर गेला. फणस धरतो तो खोडावर आणि जाड फांद्यांवर. वरचा शेंडा कापलात तरी जिथे फळ लागणार ती जागा खाली शाबूत असते, म्हणून फणसासारखं छाटणी सोसणारं मोठं फळझाड क्वचितच असेल. लोक घाबरून छाटत नाहीत, मग झाड वर जातं, फळंही वर जातात आणि काढायला शिडी नाहीतर माणूस शोधावा लागतो.

सुरुवात पहिल्या वर्षीच करायची. कलम चारेक फुटांचं झालं की तीन-साडेतीन फुटांवर शेंडा कापा. खाली जे फुटवे येतील त्यातले चार दिशांना जाणारे तीन-चार ठेवा, आणि ते खोडावर एकाच जागी नकोत, एकमेकांपासून वीतभर अंतराने खाली-वर असू द्या. खोडाला चिकटून सरळ वर निघालेली फांदी दिसायला जोमदार पण पुढे वजनाने तिथेच फाटते, ती काढा, खोडापासून मोकळी बाहेर झुकलेली ठेवा. पुढच्या वर्षी या फांद्या अडीच-तीन फुटांवर परत कापा म्हणजे जाड होतील आणि पसरतील. जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा मात्र दिसला की लगेच काढायचा, तो खुंटाचा असतो आणि बघता बघता कलमाला गिळून टाकतो.

झाड फळायला लागलं की वर्षातून एकदा, फळं काढून झाल्यावर, मुख्य छाटणी. आठ-दहा फुटांची रेघ मनात ठरवून घ्या आणि तिच्या वर गेलेलं सगळं बाजूच्या फांदीपर्यंत मागे कापा. मधला भाग थोडा उघडा करा म्हणजे खोडापर्यंत उजेड आणि वारा पोचेल. पण एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं काढायची नाहीत, त्याने झाड घाबरून नुसती पाणफुटी फेकत बसतं आणि सालीवर कडक ऊन पडून साल भाजते. उघड्या पडलेल्या खोडाला चुना लावा. धो धो पावसात छाटू नका, आणि अंगठ्यापेक्षा जाड कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. चीक वाहणारच, पात्याला आधी तेल पुसून घेतलंत तर साफ करायला त्रास होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे हौशी लोक हमखास चुकतात. खोड साफ दिसावं म्हणून खोडावरचे सगळे बारके फुटवे खरवडून काढतात. थांबा, जवळ जाऊन बघा. खोडावर दोन प्रकारचे फुटवे असतात. एक सरळ, लांब, पेरं लांब लांब असलेला, भराभर वर जाणारा, ती पाणफुटी, ती खुशाल काढा. दुसरा आखूड, जाडसर, बुटका, दोन-चार पानांचा, टोकाला पानाच्या आवरणात गुंडाळलेली टोकदार कळी असलेला. त्या आवरणातूनच फुलोरा बाहेर पडतो, तो काढलात तर फळच काढून टाकलंत. फळ उतरवतानाही तेच, देठ ओढून किंवा पिरगाळून तोडायचा नाही, खोडापासून दोन-तीन इंच सोडून कापायचा, कारण त्याच गाठीतून पुढच्या बहराला परत फुटवे येतात. जुन्या झाडाच्या खोडावर अशा गाठी वर्षानुवर्षं फळताना दिसतात.

प्रश्न: झाडाला दोन वर्षांत फुलोरा आला, खूप आनंद झाला, पण बोटाएवढे छोटे फणस एकेक करून काळे पडून गळून गेले. कुठलं औषध मारू?

औषध काही नको, ते फणस नव्हतेच. ते नर फुलोरे होते आणि त्यांचं काम झालं की काळं पडून गळणं हेच त्यांचं ठरलेलं आहे. पहिल्या एक-दोन बहरात पुष्कळ झाडांवर फक्त नर फुलोरेच दिसतात, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी येतो.

फरक ओळखायला शिका, सोपं आहे. नर फुलोऱ्याचा देठ बारीक, अंग बऱ्यापैकी गुळगुळीत, उमलल्यावर बोट लावलं तर पिवळसर पराग लागतो आणि जवळ गेलं की गोडसर वास येतो. मादी फुलोऱ्याचा देठ चांगला जाड, जिथे देठ फुलोऱ्याला मिळतो तिथे फुगीर हिरवं कडं, आणि अंग खरखरीत कारण प्रत्येक फुलाचं टोक केसासारखं बाहेर आलेलं असतं. मादी जास्त करून खोडावर आणि जाड फांद्यांवर येते, नर फुलोरा बारीक फांद्यांवरही दिसतो.

दमट हवेत एक काळजी मात्र घ्या. गळलेले, काळे पडलेले नर फुलोरे मादीला किंवा कोवळ्या फळाला चिकटून राहिले तर त्यावरची रायझोपस बुरशी फळावर उतरते, आधी राखाडी कापसासारखी दिसते आणि मग काळी होते. असे फुलोरे हाताने काढून झाडाखालून लांब नेऊन पुरा, तिथेच टाकू नका. खरोखर मादी फळ कुजत असेल तर मात्र झाडातला काळोख कमी करा, फळाभोवतीची पानं विरळ करा.

आणि ज्यांचे फणस वाकडेतिकडे, एका बाजूला खपाटीला गेलेले येतात त्यांच्यासाठी. फणस म्हणजे शेकडो फुलांचं मिळून बनलेलं एक फळ आहे, जेवढी फुलं फळली तेवढे गरे, न फळलेल्यांचं चारखंड, म्हणजे गऱ्यांमधल्या चिवट पट्ट्या होतात. एका बाजूची फुलं फळली नाहीत तर ती बाजू फुगत नाही. झाड एकटंच असेल आणि नर-मादी एका वेळी उमलत नसतील तर हे घडतं. उमललेला नर फुलोरा तोडून मादीवर चारी बाजूंनी हलकेच फिरवा, सकाळी, दोन-तीन दिवस लागोपाठ. जवळपास दुसरं झाड असलं की हा त्रास आपोआप कमी होतो. परागीभवनात वारा तर आहेच, पण बारीक माश्यांसारखे किडेही काम करतात, तेव्हा फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक फवारू नका.

प्रश्न: पहिल्याच वर्षी चौदा फळं धरलीत! सगळी ठेवू का?

नका ठेवू. मनाला लागतं माहितीये, पण एवढ्याशा झाडावर चौदा फळं म्हणजे झाडाचं आयुष्य उधार घेणं. लवकर फळणाऱ्या जातींची हीच खोड आहे, अंगात ताकद यायच्या आत धरतात आणि मग वाढ खुंटते, फांद्या वाळतात, फळंही बेचव निघतात. लावल्यापासून पहिल्या दोन वर्षांत आलेली फळं काढून टाका, फारच हौस असेल तर चव कळावी म्हणून एक ठेवा. तिसऱ्या वर्षी दोन-तीन, मग खोडाच्या जाडीप्रमाणे वाढवत न्या. एका देठावर दोन-तीन लागली असतील तर चांगल्या आकाराचं एकच. काढलेली कुयरी, म्हणजे कोवळा फणस, भाजीला येतेच, वाया काही जात नाही. बाग मोठी असेल तर ही विरळणी म्हणजे एक वेगळं उत्पन्न धरा. बारक्या फांदीवर धरलेलं फळ ठेवायचं असेल तर वरच्या जाड फांदीला दोरीने आधार द्या, आणि जमिनीला टेकणाऱ्या फळाखाली पेंढा किंवा फळी घाला.

प्रश्न: गच्चीवर ड्रममध्ये फणस होईल का हो?

होईल, पण अपेक्षा बेताची ठेवा. निदान १५०-२०० लिटरचा ड्रम, खाली आणि बाजूला भरपूर भोकं, दिवसातून सहा-आठ तास थेट ऊन. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा कोकोपीट असं सैल मिश्रण. झाड पाच-सहा फुटांवर ठेवायचं आणि वर्षाला दोन-तीन फळांवर समाधान मानायचं, तेही छोट्या फळाची जात असेल तर. खत थोडं थोडं पण महिन्याच्या महिन्याला, कारण पाण्याबरोबर ते खालून निघून जातं. तीन-चार वर्षांनी कडेची मुळं आणि माती थोडी काढून नवी माती भरा.

एक गोष्ट कृपा करून हलक्यात घेऊ नका, ओल्या मातीने भरलेला २०० लिटरचा ड्रम ३०० किलोच्या घरात जातो. स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका, तुळईवर किंवा खांबाजवळ ठेवा आणि जुनी इमारत असेल तर आधी इंजिनियरला विचारा.

प्रश्न: एक एकर फणसाची बाग करायचा विचार आहे. अंतर किती ठेवू, आणि सगळी एकच जात लावू का?

मोकळ्या वाढणाऱ्या फणसाला १० बाय १० मीटर देतात, म्हणजे एकरी चाळीस झाडं. छाटून बुटका ठेवायचा असेल तर ५ बाय ५ मीटर, एकरी १६० च्या आसपास. ४ बाय ४ ने २५० बसतात आणि कागदावर फार छान दिसतं, पण मी तो सल्ला देत नाही. एक वर्ष छाटणी चुकली की फांद्या एकमेकांत घुसतात, खोडावर काळोख होतो, बुरशी वाढते आणि फळ धरतं त्या खोडालाच उजेड मिळत नाही. छोटा ट्रॅक्टर किंवा गाडी आत न्यायची असेल तर ६ बाय ४ बरं, ओळींमध्ये जागा राहते आणि झाडं तेवढीच, एकरी १६८. आधी स्वतःला विचारा की दरवर्षी १६० झाडं छाटायला माणसं आणि वेळ आहे का. नसेल तर ७ मीटरवर लावा, काही बिघडत नाही.

एकच जात नको. मुख्य जात सत्तर-ऐंशी टक्के ठेवा आणि बाकीच्या दोन-तीन वेगळ्या, थोड्या मागेपुढे तयार होणाऱ्या, म्हणजे फळ एकदम अंगावर येत नाही आणि परागीभवनालाही मदत. बारमाही म्हणून विकल्या जाणाऱ्या कलमांबद्दल एवढंच सांगेन की बहर किती येणार हे हवेवर आणि पाण्यावर खूप अवलंबून असतं, जाहिरातीतल्या महिन्यांवर पैशाचं गणित बांधू नका.

आणि गिऱ्हाईक आधी ठरवा. ताजे गरे विकायचे तर घट्ट गऱ्यांचा कापा आणि तीन ते आठ किलोचं फळ सोयीचं, हाताळायला सोपं आणि एका घरात संपणारं. चिप्स किंवा वाळवणाला जाडसर, कमी रेषांचे गरे. कुयरी म्हणून विकायची तर भरपूर फळं धरणारं झाड महत्त्वाचं, गोडीचा प्रश्नच नाही. हे तीन वेगळे धंदे आहेत आणि एकच जात तिन्हीला सारखी उतरत नाही. सगळी एकरभर एकदम न लावता दहा-पंधरा झाडं लावून, त्यांची फळं आपल्या मातीत कशी निघतात बघून मग बाकीची लावलीत तर दोन वर्षं उशीर होईल पण पस्तावणार नाही. मधल्या जागेत पहिली तीन-चार वर्षं भाज्या, कडधान्यं आरामात निघतात.

प्रश्न: झाड छान वाढत होतं, पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडून गळायला लागली. खत वाढवू का?

खत थांबवा आणि आधी बुंध्याशी हातभर खणून बघा. माती चिकट, काळपट, आंबूस वास येत असेल तर पाणी साचलंय आणि मुळं कुजतायत. फणसाला दुष्काळ थोडा चालेल पण मुळाशी उभं पाणी अजिबात चालत नाही, दोन-तीन दिवस पाणी तुंबलं तरी कोवळं झाड बसतं. चर काढून पाणी बाहेर न्या, बुंध्याजवळची माती सैल करा, आळं झाडाच्या दिशेने खोलगट असेल तर उलटं करा, बुंधा उंच आणि पाणी बाहेर. मुळं कमी झालीत तर वरचा भारही थोडा कमी करावा लागतो, काही फांद्या मागे कापा, फळ असेल तर काढा.

नव्याने लावणाऱ्यांनी जमीन भारी असेल तर खड्ड्याऐवजी दीड-दोन फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद मातीच्या गादीवर लावावं. हलक्या जमिनीत ६० सेंटिमीटरचा खड्डा पुरे, त्यात दहा किलो कुजलेलं शेणखत. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पहिली दोन वर्षं पाणी नियमित, जाड आच्छादन, पण आच्छादन खोडाला टेकवायचं नाही. फळ मोठं होत असताना एकदम कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं तर फणस तडकतो. ज्यांच्याकडे थंडी कडक असते त्यांच्यासाठी, शून्य अंशाला पानं जळतात आणि त्याखाली दोन अंश गेलं तर झाड मरू शकतं, तेव्हा कोवळं झाड झाकून ठेवा.

प्रश्न: फळावर भोकं पडून भुगा बाहेर येतो, आणि काही फळांचे गरे आतून गंजल्यासारखे निघाले.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भोक आणि भुगा म्हणजे फळ पोखरणारी अळी, ती कोवळे शेंडे पण पोखरते. दोन फळं जिथे एकमेकांना किंवा खोडाला टेकतात तिथून ती हमखास शिरते, म्हणून विरळणी हाच पहिला उपाय. फळ लिंबापेक्षा मोठं झालं की हवा खेळेल अशी कापडी किंवा जाळीची पिशवी सैल बांधा, खालून पाणी निघून जाईल असं बघा. किडलेली फळं आणि शेंडे काढून नष्ट करा. बुटक्या झाडाचा खरा फायदा इथे कळतो, प्रत्येक फळ हाताला येतं म्हणून पिशवी बांधता येते.

गऱ्यांवर पिवळट-तपकिरी गंजासारखे डाग आणि बाहेरून फळ धडधाकट, असं असेल तर तो जीवाणूचा रोग असू शकतो, मलेशिया आणि फिलिपिन्समध्ये त्याने बागांचं बरंच नुकसान केलंय. त्यावर फळ पिकल्यावर करण्यासारखं काही नाही. अशा झाडाची कलमकाडी वापरू नका, सिकेटर प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा, फळं फुलोऱ्यापासून पिशवीत ठेवून बघा आणि नमुना जवळच्या कृषी संस्थेत दाखवून खात्री करून घ्या.

प्रश्न: पाच वर्षं झाली, झाड हिरवंगार, फळाचा पत्ता नाही. खोडात खिळे मारा, घाव घाला असं सांगतात, करू का?

खिळे आणि घाव अजिबात नको, त्या जखमेतून खोडकिडा आणि बुरशी आत जाते. आधी बघा की ते कलमच आहे ना, आठळीचं असेल तर अजून दोन-चार वर्षं वाट बघणं आलंच. दुसरं, ऊन. भिंतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीतला फणस पानंच वाढवत राहतो. तिसरं, युरिया किंवा ताजं शेण सारखं घालताय का? नत्र थांबवा, त्याऐवजी पालाश असलेलं खत आणि राख द्या. चौथं, वर्षातून तीन-चार वेळा छाटत असाल तर झाड कायम कोवळंच राहतं, छाटणी एकदाच. आणि बहराच्या आधी एक-दीड महिना पाणी ताणून बघा, बऱ्याच झाडांना तेवढी विश्रांती पुरते. खोडावर ते आखूड जाड फुटवे दिसायला लागले की समजा झाड तयार होतंय.

प्रश्न: फळ काढायला आलं हे कसं कळतं? दर वेळी एक तर कच्चं निघतं नाहीतर झाडावरच पिकून फुटतं.

फुलोरा दिसल्याची तारीख देठाला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा, जात आणि हवा यानुसार साधारण चार ते सहा महिने लागतात, एकदा आपल्या झाडाचा हिशोब कळला की पुढे सोपं. काटे एकमेकांपासून लांब जाऊन चपटे होतात, हिरवा रंग फिकट पिवळसर होतो, थापटल्यावर टणक आवाजाऐवजी पोकळ, भदभद आवाज येतो आणि देठाजवळचं शेवटचं पान पिवळं पडतं. यातल्या दोन-तीन खुणा एकदम दिसल्या की कापा, वास सुटेपर्यंत थांबू नका. कापल्यावर देठ खाली करून सावलीत ठेवा म्हणजे चीक निथळतो, घरात तीन ते दहा दिवसांत पिकतो. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवू नका, १२ अंशांच्या खाली गेला की साल काळी पडते आणि गरे नीट पिकतच नाहीत. जास्त झाले तर पिकल्यावर गरे काढून आठळ्या वेगळ्या करा आणि गरे डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका, कित्येक महिने चांगले राहतात.